आईच्या नावाचा पत्ता

वडनेर,
५ जानेवारी २०२५

चि. काजलले अनेक आशीर्वाद. वि. वि.

कापसाचा दुसरा वेचा झाला. फोन नको करजो; मले ऐकू येत नाई, मी नुसता हो हो करतो. आई गेल्यावर तिच्या फोटोची वेबसाइट तू बनवली, ते उघडून नाई राह्यली. सचिनच्या मोबाइल दुकानात गेलतो. तो म्हणे, आधी तीन डब्ल्यू लावा. लावले, तं असा पत्ताच नाई म्हणते. काढले, तं लाल अक्षरात 'सुरक्षित नाही' आलं. गेलेल्या माणसाले काय होणार, समजते मले. तरी जीव घाबरला. घरात दुसरं कोणी नाई, म्हणून तुलेच पुसून राह्यलो.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा बाबा

पुणे,
१४ जानेवारी

ती. बाबांना काजलचा शि. सा. न. वि. वि.

घाबरू नका. पत्ता शेवटाकडून वाचायचा. 'काजलघर डॉट इन' हे मी विकत घेतलेलं मुख्य नाव. त्याच्या आधी टिंब देऊन 'आई' लावलं, ते त्याचंच पोटनाव. वेगळं विकत घ्यावं लागत नाही. तीन डब्ल्यू हेही एक पोटनावच. आईच्या आधी ते मी जोडलंच नव्हतं, मग सापडणार कसं? आणि अगदी पुढे एचटीटीपी असतं, ते नाव नव्हे, मजकूर ने-आण करायची रीत. तिला एस लागला की मजकूर कुलूपबंद जातो. त्या कुलपाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती, नवं केलं. आता उघडा. तळाशी आईचा आवाजही ठेवलाय.

खोलीवर माझ्याशीही कोणी बोलत नाही, बाबा. लिहीत राहा.
तुमची काजल

वडनेर,
२३ जानेवारी

चि. काजलले आशीर्वाद. वि. वि.

उघडली. आवाजाची रेघ सरकत सरकत संपली, मले काईच ऐकू आलं नाई. फोन छातीले लावला, तं बारीक थरथर लागली. शेजारच्या यशोदाबाईले बोलावलं. ते ऐकता ऐकता रडाले लागली. तिले लिहिता येत नाई, अन् तिचं बोलणं मले ऐकू येत नाई. तुही आई काय म्हणते, ते लिहून धाडजो.

वाट पाहतो.
बाबा

पुणे,
१ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

आई स्वयंपाकघरात आहे. म्हणते, "हे काऊन अजून आले नाई वावरातून? भाजी थंडी होऊन राह्यली. जाय वो काजल, पाहून ये जराशी." मग बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज आहे. मग फाटक वाजतं, आणि आई हळूच म्हणते, "आले."

एवढंच आहे, बाबा.
तुमची काजल