काडी विझेपर्यंत

४ जून

तीर्थरूप आत्यास नमस्कार,

घरी सर्व क्षेम आहे. म्हणजे आईचे गुडघे, बाबांचा उजवा खांदा आणि माझा भिडस्त स्वभाव हे तीन विषय वगळले, तर सर्व क्षेम आहे. तुझे पोस्टकार्ड पोचले. ‘ढग मध्यम उंचीचे, वारा मंद, प्रकृती ठीक’ हा मजकूर आईने दोनदा वाचला आणि म्हणाली, हिला ढगांची उंची दिसते, मागे राहिलेली माणसे दिसत नाहीत. मी तुझी बाजू घेतली. बाबांनी कार्ड उलटसुलट केले, शिक्क्यावरची तारीख पाहिली आणि परत ठेवले.

पत्रास कारण असे, की हवामानप्रेमी मंडळ यंदा सभासदांच्या आठवणीतल्या वादळांचे पुस्तक काढत आहे आणि त्याचे संपादन माझ्या गळ्यात पडले आहे. माझी पात्रता एवढीच, की शाळेत मराठीत मी पहिली येत असे आणि ‘नाही’ म्हणण्याच्या परीक्षेला मी कधी बसलेच नाही. मंडळात आता मला ‘शुद्धलेखन’ याच नावाने हाक मारतात. ‘शुद्धलेखन, जरा खिडकी लाव गं,’ असे परवा चिटणीस म्हणाले. चिटणीस तुला आठवत असतील. तेच दंतवैद्य, ज्यांनी तुझी दाढ काढताना तुला चक्रीवादळाच्या डोळ्याविषयी सविस्तर सांगितले होते आणि तू उत्तर देऊ शकत नव्हतीस.

आठवणी भराभर येत आहेत. त्या वाचताना असे आढळते, की गारांचा आकार सभासदाच्या ज्येष्ठतेनुसार वाढतो. नव्यांच्या गारा लिंबाएवढ्या, मधल्या पिढीच्या अंड्याएवढ्या, आणि संस्थापकांच्या काळी पडल्या तशा गारा तर आता आकाशाला परवडतच नाहीत. दंतवैद्यांची गार अर्थातच अक्कलदाढेएवढी आहे.

नियम मात्र जुनाच आहे: आकडा नाही, तर आठवण नाही. प्रत्येक आठवणीत वायुभार, पाऊस किंवा वारा यांपैकी एक तरी मोजलेला आकडा हवा आणि खाली सांगणाऱ्याची स्वतःची सही हवी. हा नियम बाबांनीच केला, हे तुला ठाऊक आहे. त्यापायी मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या काकूंची आठवण परत गेली. ‘वादळात कपडे वाळत घालायची तार गात होती, आणि ती गायची थांबली तेव्हा मला जास्त भीती वाटली,’ असे त्यांनी लिहिले होते. चिटणीसांनी समासात विचारले, ‘तार किती वेगाला गाते?’ काकूंनी कागद घडी करून पिशवीत टाकला. त्या मंडळात येतात अजून, पण माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत.

आता मुद्दा. पुस्तकातली पहिली आठवण बाबांची आहे, मोठ्या वादळाची. आपल्या घरी ऐन वादळात घेतलेले वायुभाराचे नऊशे बासष्ट मिलिबारचे ते वाचन इतरांनीही आपापल्या आठवणींत आधाराला घेतले आहे. शेजारच्याची शिडी मागून आणावी तसे. त्या दुपारी तूही घरात होतीस. तुझी आठवण तू लिहून पाठवावीस, एवढीच विनंती आहे. एक पान पुरे. सही विसरू नकोस.

वेधशाळेत सहायकाच्या जागेसाठी मी अर्ज केल्याचे मागे कळवले होते. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

तुझी आज्ञाधारक भाची


२७ जून

आत्या, नमस्कार.

कार्ड मिळाले. ‘सकाळी धुके, दुपारी निरभ्र. आठवण पाठवण्यासारखी काही नाही. दादाने लिहिली आहे तेवढी पुरे.’

मला राग आला आहे. रागावण्याची सवय नसल्यामुळे तो नव्या चपलेसारखा चावतो आहे, हेही मान्य करते. पण दादाने काय लिहिले आहे, ते तुला ठाऊक तरी आहे का? मी त्याची मुद्रिते तपासली आहेत, मला ते तोंडपाठ आहे: ‘मी काडी ओढली. मी काचेवर टिचकी मारली. काटा थरथरत नऊशे बासष्टवर आला.’

त्या दुपारी मी जिन्याखाली, तुझ्या पायांशी बसले होते. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, वीज गेलेली, भरदुपारी डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नव्हते. वायुभारमापक, आपला तो बॅरोमीटर, जिन्याच्या भिंतीवर होता. तू काडी ओढायचीस, अडकलेला काटा सुटावा म्हणून काचेवर टिचकी मारायचीस आणि फटीतून येणाऱ्या वाऱ्याने काडी विझेपर्यंत आकडा वाचायचीस. बाबा टिचकी एकदाच मारतात. तू दोनदा मारतेस, दुसरी हलकी. त्या दुपारी मी ऐकली ती दर वेळी दोनदाच.

एका हातात काडी, दुसऱ्या हाताने टिचकी, लिहायचे कशाने? म्हणून तू मला म्हणालीस, ‘तू माझा तिसरा हात. मी सांगते ते पाढ्यासारखं म्हणत राहा. विसरायचं नाही.’

मी म्हणत राहिले. नऊशे ऐंशी, नऊशे चौऱ्याहत्तर, नऊशे अडुसष्ट, नऊशे बासष्ट. छपराचा पत्रा उडाल्याचा आवाज आला तेव्हाही म्हणत होते. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला समोर उभे करून ते म्हणवून घेतले आणि आपल्या अक्षरात उतरवले. शाबासकी मिळाली. मला वाटले, पाठांतराची स्पर्धा असावी.

पुढच्या सभेत बाबांनी ते वाचन सांगितले, तेव्हा मी तुझ्या शेजारीच होते. तू मागच्या खुर्चीवरून उठून म्हणालीस, ‘दादा, काडी माझ्या हातात होती.’ बाबा हसून म्हणाले, ‘अगं, घरातलंच वाचन ना ते. हात कुणाचा का असेना.’ सगळे हसले. तूही हसलीस. मग तू दूरच्या गावी कापडगिरणीच्या कार्यालयात नोकरी धरलीस, आणि तेव्हापासून आम्हाला ढग पाठवतेस.

मी एवढी का पेटले आहे, असा प्रश्न तुला पडेल. तर मागच्या पत्रात जे लिहिण्यासारखे नाही असे म्हटले होते, ते लिहिते.

वेधशाळेची मुलाखत तेव्हाच होऊन गेली होती. बाबांना खांद्यामुळे गच्चीवरची उपकरणे हाताळता येत नाहीत, म्हणून मी शाळेत असल्यापासून सकाळ-संध्याकाळची वाचने मीच घेते, हे तुला माहीत नसेल. अर्जासोबत मी त्याच नोंदी जोडल्या होत्या. मुलाखत घेणाऱ्यांत एक चष्मा लावलेल्या बाई होत्या. त्यांनी कागद न्याहाळून विचारले, ‘फार स्वच्छ काम आहे. ही वाचनं घेतं कोण?’

मी म्हणाले, ‘बाबा.’

मला कोणी दटावले नव्हते. खुर्ची मऊ होती, बाई प्रेमळ होत्या. पाहुण्यांसमोर घरातल्या मोठ्यांचे नाव आधी घ्यावे, तसे ते तोंडातून निघाले, आणि एकदा निघाल्यावर ते परत घ्यायला लागणारे धाडस माझ्याजवळ नव्हते. बाकीचा वेळ मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत उत्तरे दिली.

काल दोन लिफाफे एकाच टपालाने आले. माझ्यात नकार होता, ‘प्रत्यक्ष निरीक्षणाचा अनुभव नाही’ म्हणून. बाबांच्यात अभिनंदन होते, इतक्या वर्षांच्या काटेकोर नोंदींबद्दल. बाबांनी ते पत्र सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले आणि मला म्हणाले, ‘बघ, शेवटी कामाला मान असतो. तुझंही होईल.’ त्यांना खरेच वाईट वाटत होते माझ्याबद्दल. त्यात खोट नाही. मी काय केले, विचार. त्यांना आभाराचे पत्र लिहायचे होते, ते मी शुद्ध करून दिले.

तेव्हा आत्या, कृपा करून सही पाठव. एका ओळीवर पाठव. मुद्रक थांबायला तयार नाही आणि मीही आता फार वेळ शहाण्यासारखी वागू शकेन असे वाटत नाही.

तुझी भाची


१९ जुलै

आत्या,

कार्ड आले नाही. ढगसुद्धा नाहीत. मी रोज टपाल येण्याच्या वेळी दारात काहीतरी काम काढत होते. उंबरा एवढा स्वच्छ कधीच नव्हता, असे आई म्हणाली.

वाट पाहता पाहता एक गोष्ट उमगली, ती सांगते. बोलायचे तू, दादाचा राग सोसायचा तू, आणि मी फक्त ऱ्हस्वदीर्घ तपासायचे, असा माझा बेत होता. तू एकदा उभी राहून बोललीस. दुसऱ्यांदा तुलाच का उभे करायचे? आणि तुझ्या सहीवाचून माझे अडले होते कुठे? आकडा होता. त्या दुपारी तो कागदावर नव्हताच, माझ्या तोंडात होता. सहीही मला करता येते. मग मीच बसले आणि माझी आठवण लिहिली: काडी, तुझ्या दोन टिचक्या, माझे पाठांतर.

लिहिताना मात्र अडखळले. बाबा कुठे होते, हा प्रश्न आला. तुझ्या तोंडी ते कधी आले नाही, त्यांच्या पानातही नाही. मग त्यांचा आवाज आठवला, वरून येणारा: ‘किती?’ आणि तू ओरडून आकडा सांगायचीस. बाबा जिन्याच्या माथ्याशी होते. गच्चीच्या दाराची कडी उखडली होती, आणि सबंध वादळभर त्यांनी ते दार उजव्या खांद्याने रेटून धरले होते. ते सुटले असते, तर वारा आत शिरून उरलेले छप्परही गेले असते, आणि पाठ म्हणायला मी राहिले नसते. खांदा तेव्हाचा आहे, आत्या. एवढी वर्षे आपण त्याला संधिवात म्हणत आलो. आणि हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही, कारण दाराला आकडा नसतो!

मला त्यांचा तेव्हा जेवढा राग आला, तेवढा आधी कधीच आला नव्हता. स्वतःची एवढी मोठी गोष्ट टाकून दिली आणि तुझी छोटी काडी उचलली.

ते पान मी जेवणाच्या टेबलावर त्यांच्यापुढे ठेवले. मग हात पाठीमागे बांधून उभी राहिले. त्यांनी ते वाचले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले.

‘बॅरोमीटरजवळ आत्या होती, बाबा,’ मी म्हणाले. ‘तुम्ही दाराला होतात.’

मग ते म्हणाले, ‘दार कशाला लिहिलंस? दार काय, कोणीही धरतं.’

‘कोणीही धरत नाही हो,’ आई आतून म्हणाली. ‘मी पलंगाखाली होते.’

मला हसू आले, आणि ते बाबांना लागले. ते म्हणाले, ‘मग माझ्या आठवणीत आकडा कुठला राहिला?’ अगदी लहान मुलासारखे विचारले त्यांनी. मी म्हणाले, ‘नियम तुम्ही केलात, बाबा.’ हे मी म्हणायला नको होते की हवे होते, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

मंडळातही गोंधळ झाला. चिटणीस म्हणाले, ‘शुद्धलेखन, एका वाचनाला दोन मालक कसे?’ मी उभी राहिले. आवाज चिरकला, तरी म्हणाले, ‘एकच आहे. ती परगावी असते.’ कोणी हसले नाही. मागून शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या, ‘आता हिची टिचकी घेताय, तर माझी तारही घ्या.’ चिटणीसांनी समासातला आपला प्रश्न खोडला आणि तीही घेतली.

वेधशाळेलाही लिहिले आहे, की त्या नोंदी माझ्या आहेत. उत्तर येईल अशी आशा नाही. पण आता ते खोटे माझ्या खुर्चीवर बसलेले नाही.

बाबांनी आपली आठवण मागे घेतली. पुस्तकाचे पहिले पान कोरे आहे आणि मुद्रक रोज निरोप पाठवतो, की कोरे पान छापण्याची पद्धत नाही. बाबा जेवण उरकून खोलीत जातात आणि दार लावून घेतात. इतकी वर्षे झाली, तरी दार धरणे काही सुटले नाही. मी बाहेरून सांगितले, की जे घडले तेच लिहा, आकड्याचे मी बघते.

आज सकाळी वाचन घेताना मी मुद्दाम दोनदा टिचकी मारली, त्यांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशी. काटा उतरतो आहे, इकडे काहीतरी येऊ घातले आहे. क्षणभराने बंद दारातून बाबांचा आवाज आला, ‘किती?’

सवयीने आकडा ओठांवर आला होता, तो मी गिळला. म्हणाले, ‘बाहेर येऊन बघा.’

हे लिहीपर्यंत ते आलेले नाहीत. मी जिन्यापाशीच बसून लिहिते आहे. तुझे पान मी पुस्तकात ठेवले आहे, माझ्या सहीने. ते चुकले असेल, तर येऊन दुरुस्त कर; पोस्टकार्डावर करू नकोस.

तुझा तिसरा हात