शेवटच्या रिळाचा डबा

चोपडा

प्रिय हितेंद्र,

‘तापीकाठची सून’ या जुन्या सिनेमावरचा तुझा व्हिडिओ आज परत लावला. आता तो मला पाठच व्हायला आलाय. मागे पुस्तकांचं कपाट, डोळ्यांवर नवा गोल चष्मा, आणि आवाज असा, जणू तुपात घोळून काढलाय. आपल्या ग्रुपातली धुळ्याची नूतन सांगत होती की तुझा एवढा चाललेला व्हिडिओ दुसरा नाही. मला आनंद झाला. खोटं नाही लिहीत, अगदी मनापासून झाला. तो का झाला हे सांगायलाच कागद घेतलाय. फोनवर सांगितलं असतं तर तू अर्ध्यात ‘अक्का, रेंज नाही’ म्हणाला असतास.

माझ्या भावाची, ईश्वरची, खुशाली तू विचारत नाहीस, म्हणून मीच कळवते. तब्येत ठीक आहे. गुडघे बोलतात, तो बोलत नाही. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की उठून ओट्यावर जाऊन बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टरांकडे बघत राहतो. फोन त्याने कपाटात साड्यांखाली सरकवून ठेवलाय. मी काढून हातात दिला तर म्हणतो, “सोडी दे वं अक्का, बठ्ठं सोडी दे.” सगळं म्हणजे सिनेमासुद्धा. ज्या माणसाने जन्मभर जेवणाच्या ताटावर सिनेमाशिवाय दुसरी गोष्ट केली नाही, तो आता वरणात मीठ कमी आहे एवढंच सांगतो. मला माझा बडबड्या भाऊ परत हवा आहे, हितेंद्र. बाकी काही नको.

तू भुसावळहून पहिल्यांदा आलास तो दिवस आठवतो का? लॉकडाऊन उठलं होतं, आणि ‘पडदावेडे’ या आपल्या जुन्या सिनेमांच्या फेसबुक ग्रुपातलं कुणी प्रथमच आमच्या उंबऱ्यावर उभं होतं. मी भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. तू वांग्याचं देठसुद्धा चोखून खाल्लंस आणि म्हणालास, “अक्का, रेल्वे क्वार्टरमध्ये असली चव मिळत नाही.” मग तुम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत भांडलात, कुठल्याशा सिनेमात सासू दार लावून घेते ते बरोबर की चूक यावर. ईश्वर ग्रुपवर लांबलचक लिहायचा, आणि तू खाली बदामाची चित्रं टाकायचास. मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही, वाचायला शिकले ती भिंतीवरच्या पोस्टरांवरून. पण तुमचं भांडण ऐकताना मला कॉलेजात बसल्यासारखं वाटायचं.

तू चॅनेल काढलंस आणि ईश्वरचं लिहिलेलं त्यावर वाचू लागलास, तेव्हा आधी तो हरखला होता. “पोराच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं,” म्हणायचा. नाव घेत नाहीस हे मी दाखवलं तर म्हणाला, विसरत असेल. नूतनने मात्र कमेंटमध्ये सरळ विचारलं, हे तर ईश्वरआबांचं आहे ना? त्यावर तू लाइव्ह येऊन हसत हसत सांगितलंस, “चोपड्याचे एक काका आहेत. माझे व्हिडिओ ऐकतात आणि ग्रुपवर आपलं म्हणून लिहितात. म्हातारं माणूस, जाऊ द्या.” ग्रुपचा ॲडमिन तूच. ईश्वरच्या सगळ्या जुन्या पोस्टी पुसल्यास आणि त्यालाही काढून टाकलंस. पुसलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? जळगावच्या मेळाव्यात तो पांढरा सदरा घालून हौसेने आला, तर चहाच्या टेबलापाशी कुणीतरी हाक मारली, “या, झेरॉक्स आबा!” सगळे हसले. तूही हसलास. मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याने कप खाली ठेवला तो बशीत ठेवला गेला नाही, टेबलक्लॉथवर उपडा झाला.

तुला वाटलं, अक्का भोळी. मी ग्रुप सोडला नाही, तुझ्या प्रत्येक व्हिडिओखाली फुलं टाकली. नूतन माझ्यावर चिडली होती, मग मी तिला सगळं सांगितलं. मला ठाऊक होतं, ईश्वरची विहीर बुजवल्यावर तुझी मोट आज ना उद्या कोरडी येणार. तशी ती आली. तुझा फोन आला, “अक्का, तुम्ही जुने सिनेमे तंबूत बघितलेत. लिहा ना काहीतरी, ग्रुपला टाका.” मी म्हटलं, लिहिते बाळा.

आणि लिहिलं ‘तापीकाठची सून’वर. नेटवर तो सिनेमा अर्धवटच आहे, शेवट नाही, हे सगळ्यांना ठाऊक. मी शेवट लिहिला. सून नवऱ्याची वाट बघत विहिरीवर उभी आहे, आणि एकदम नदी दिसते. दाढीवाला साधू घोड्यावरून पाणी कापत पलीकडे जातो, मागे वळून बघत नाही. नवराच साधू झालाय, पण नट मात्र वेगळा आहे. एवढंच लिहिलं. ती पोस्ट तू दुसऱ्याच दिवशी पुसलीस, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. आठवड्याने तुझा व्हिडिओ आला. मुंबईच्या एका संग्राहकाकडे तू संपूर्ण सिनेमा पाहिलास म्हणे! नट बदलणं म्हणजे माणसाची ओळख विरघळून जाणं, असं धाडस आपल्याकडे कुणी केलं नाही म्हणे! बोलताना तू चष्मा काढून डोळे पुसलेस. पोरा, मीही पुसले. पदर तोंडात कोंबून हसत होते.

आता ऐक. मी एक शब्दही खोटा लिहिलेला नाही, फक्त एका डब्याचं सांगितलं नाही. चोपड्याच्या यात्रेत झुलाल ऑपरेटरचा तंबू लागायचा. त्या वर्षी सिनेमाचे डबे एसटीच्या टपावरून आले, आणि शेवटच्या रिळाचा डबा टपावरच राहून शिरपूरला गेला. तंबू गच्च भरलेला, लोक पैसे मागतील. झुलालने जवळ पडलेल्या दुसऱ्याच सिनेमाचं शेवटचं रीळ चढवलं. साधू दिसल्याबरोबर पुढून कुणीतरी ओरडलं, “हाऊ ते दुसराच माणूस शे!” मागून झुलाल त्याच्यावर खेकसला, “दाढी वाढी गई त्यानी, बसा खाले!” आणि माणसं बसली. बायांनी डोळेसुद्धा पुसले. डबा शिरपूरहून परत आला तोवर सिनेमाचे बाकीचे डबे दुसऱ्या तंबूकडे पुढच्या गावाला गेले होते, आणि तो झुलालकडेच पडून राहिला. प्रत एकच होती, म्हणून सिनेमाच्या मालकाला तो पुढेही तसाच, बिनशेवटाचा चालवावा लागला.

म्हणजे तू वर्णन केलेला सिनेमा कुणी काढलेलाच नाही. तो जगात एकदाच, एकाच तंबूत दिसला. तिथे ईश्वर होता, मी होते, आणि तुझ्या आईचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. मुंबईच्या तुझ्या संग्राहकाला माझा नमस्कार सांग.

तो डबा झुलालच्या मुलाकडे, बोदवडच्या प्रेमराजकडे, माळ्यावर सापडला. नूतनने त्याची कॉपी काढून घेतली आहे, डबा आता माझ्याकडे आहे. जळगावला सिनेमा पहिल्यांदा पूर्ण दाखवणार, त्याचं अध्यक्षपद तू खुशीने घेतलंस. पोस्टरवर तुझा फोटोही आलाय, ‘संपूर्ण सिनेमा पाहिलेले एकमेव समीक्षक’. तुझाच शब्द आहे, नूतनने जसाच्या तसा छापला. तिथे आधी तुझा व्हिडिओ दाखवू, मग तंबूची गोष्ट मी माइकवरून सांगीन, आणि मग खरं शेवटचं रीळ. व्हिडिओ पुसायची घाई करू नकोस. ‘पडदावेडे’तल्या निम्म्या लोकांकडे तो आता आहे, पुसणं काय असतं ते तुझ्याकडूनच शिकलो आम्ही. तू आलास तर तुझी खुर्ची ईश्वरशेजारी आहे. नाही आलास तर ती रिकामी ठेवू, तुझ्या नावाच्या पाटीसकट. मला दोन्ही चालेल.

ईश्वरला यातलं काही माहीत नाही. मी एवढंच म्हटलं की ‘तापीकाठची सून’चा शेवट सापडलाय. तंबूतून घरी येताना आम्ही खऱ्या शेवटावरून भांडलो होतो. तो म्हणत होता, खरा नवरा परत येतो. मी म्हणत होते, येत नाही. काल पेटीतून त्याने पांढरा सदरा काढला, उन्हात टाकला आणि मला म्हणाला, “तू हरशील, अक्का.” कितीतरी महिन्यांनी तो सिनेमाबद्दल बोलला. हे पत्र त्यासाठी आहे. मी तुला आधी कळवलं ते दया म्हणून नव्हे. आता तुझ्याकडे एक रस्ता उरलाय: माझ्याआधी माइक हातात घे आणि सगळ्यांसमोर सांग, कोण कुणाची झेरॉक्स होता. हसत हसत नको. नाहीतर मी सांगणारच आहे, आणि मला घाई नसते हे तुला आता कळलंच असेल. चोपड्याहून आम्ही एसटीनेच येऊ. डबा या वेळी टपावर जाणार नाही, मी मांडीवर घेऊन बसणार आहे.

तुला भरीत वाढलेल्या हाताने हे लिहिणारी,
तुझीच
हेमलताअक्का