सोळा नावांची यादी

डिंडोली, सुरत
रविवार, २० एप्रिल १९९७

चि. श्रीरंग यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं पोचली. तिन्ही उशीखाली ठेवून झोपले आणि उत्तर एकालाही दिलं नाही. सरला म्हणत असेल, सुरतेत राहून नणंदबाई शेफारल्या. तिला सांग, शेफारायला इथे वेळ कुठे आहे! सकाळी सात ते साडेबारा शाळा, मग पेपर तपासणी, आणि नळाला पाणी येतं ते नेमकं मी पोळ्या लाटत असते तेव्हा. तुझे दाजी बरे आहेत. मिलमध्ये रंगाच्या खात्यात आहेत, त्यामुळे नखं या आठवड्यात जांभळी. सोनालीची दहावीची परीक्षा संपली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपते. निकाल जूनमध्ये.

ऊन असं आहे की पत्र्याखालच्या वर्गात खडूसुद्धा घामेजतो. शेजारी लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आहे, आमची भिंत आणि त्यांची भिंत एकच. मी कविता शिकवते ती त्या खटखटीच्या वर आवाज चढवून. घरी आले तरी आवाज खाली येत नाही, म्हणून दाजी म्हणतात, तू प्रेमानं बोललीस तरी शेजारी भांडण समजून दार उघडतात.

तू विचारलंस, अक्का, तुमची शाळा चांगली आहे ना? आपल्या गावात आठवीपर्यंतच शाळा. पुढे योगिताला रोज एसटीने तालुक्याला पाठवायची तुझी तयारी नाही, ते मला कळतं. शाळा चांगली असेल तर नववीला तिला माझ्याकडे आणून सोडतोस, आणि नसेल तर धरणगावचं स्थळ आलंय. चौदा वर्षांची पोर, आणि तिच्या एका हाताला माझी शाळा, दुसऱ्या हाताला धरणगाव. म्हणून लिहिताना हात अडखळतो.

शाळेचं सांगते. अनुदानावर चालणारी मराठी माध्यमाची शाळा आहे, पाचवी ते दहावी. इमारत तू दिवाळीत पाहिलीस. पंखे आहेत, त्यातले निम्मे फिरतात. मुलींची मोरी आहे, पण चावी शिपायाकडे, आणि शिपाई चहाला. मराठीतली पुस्तकं गांधीनगरहून येता येता गणपती बसतात, तोवर मागच्या वर्षीच्या मुलांची फाटकी पुस्तकं चालतात. निम्मी मुलं नवागामची, आईबाप आपल्या खान्देशातले नाहीतर मराठवाड्यातले. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि शाळेत आल्यावर आमचं शुद्ध मराठी. पोरं कुठल्या भाषेत विचार करतात ते त्यांनाही माहीत नसेल. पण हुशार आहेत रे. एका मुलीला मी विचारलं, 'पहाट' म्हणजे काय? म्हणाली, "बाई, पप्पांची नाइट सुटते ती वेळ."

शिक्षक वाईट नाहीत. मारतात, पण शिकवतातही. तू गेटवरचा बोर्ड वाचत उभा राहिला होतास, 'एस. एस. सी. निकाल ८४ टक्के'. आपल्या तालुक्यात एवढा निकाल ऐकला नाही, असं दाजींना तीनदा म्हणालास. मी तेव्हा चहा टाकायला आत गेले.

निकाल चौऱ्याऐंशी टक्के लागला, हे खोटं नाही.

पण निकालावर जाऊ नकोस. पोरगी तुझी आहे, तिचं बळ, तिची आवड बघ. गणितात ती कच्ची आहे असं तूच मागे लिहिलं होतंस. घाई करू नकोस. सरलाला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी,
अक्का

*

डिंडोली, सुरत
रविवार, ४ मे १९९७

चि. श्रीरंग यास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. "एवढं मोठं पत्र वाचून शाळा चांगली की वाईट तेच कळलं नाही. तू पोरांना एका वाक्यात उत्तरे लिहायला लावतेस, तूही लिही. अक्षय्यतृतीयेची आखाजी झाली की पाहुणे येतात. तू हो म्हणालीस तर त्यांना नको कळवतो." बरोबर पकडलंस. लहानपणी आंब्याच्या अढीत हात घातला की तूच मला पकडायचास.

उत्तर लिहिते, पण एका वाक्यात होणार नाही. हे पत्र सरलाला वाचून दाखव, योगिताला नको.

तो बोर्ड कसा रंगतो ते आधी ऐक. आमच्याकडे नववीचे गुण पहिल्यांदा पेन्सिलीने भरतात. तो कागद हेडमास्तरांकडे जातो. ते खालून नावं मोजतात आणि सोळा नावांपुढे टिंब देतात. ही पोरं दहावीत गेली तर बोर्डात नापास होतील, शाळेची टक्केवारी पडेल, वरून विचारणा होईल, तुकडी बंद होईल, म्हणून त्यांना नववीतच अडवायचं. कागद परत वर्गशिक्षकाकडे येतो. मग पेन्सिल खोडायची आणि शाईने भरायचं. जी नापास आहेत त्यांचं ठीक, पण जी काठावर पास आहेत त्यांना काठाखाली ढकलायचं. चौऱ्याऐंशी टक्के म्हणजे उरलेल्यांतले चौऱ्याऐंशी. नाव मोठं आणि लक्षण खोटं.

अडवलेली पोरं पुन्हा नववीला बसतात असं कागदावर आहे. प्रत्यक्षात मुलगे जूनमध्ये लूमवर दिसतात आणि मुली दिसतच नाहीत.

नववी ब ची वर्गशिक्षिका मी आहे. सहा वर्षं ती शाई माझी आहे.

आता जे मागच्या पत्रात चहाच्या आड लपवलं, ते. गेल्या वर्षी त्या सोळांत बारावं नाव आपल्या सोनालीचं होतं. गणितात सत्तावीस, विज्ञानात एकतीस. मी कागद घेऊन हेडमास्तरांकडे गेले, त्यांच्या टेबलाची कड धरून उभी राहिले आणि रडले. सहा वर्षांत दुसऱ्या कुणाच्या पोरीसाठी रडले नव्हते. ते चिडले नाहीत. म्हणाले, "अनुसयाबेन, तुमची मुलगी ती आमची मुलगी. पण यादी सोळाचीच राहील. एक नाव काढायचं तर एक घाला. कोणतं ते तुम्हीच बघा."

मी बघितलं. यादीच्या लगेच वर तीन नावं होती. एका मुलाचा बाप ठेकेदार, तो दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन आला असता. दुसऱ्याचा काका महापालिकेत. तिसरी पार्वती, नवागामच्या सुपडूची पोर. सुपडू लूमवर बारा तास उभा असतो, त्याला वाचता येत नाही. तो भांडायला येणार नव्हता. मी पार्वती निवडली ती एवढ्याच कारणासाठी, श्रीरंग. दुसरं कारण शोधून शोधून दमले, सापडलं नाही.

मराठीत तिला अडतीस होते. आठ तसाच ठेवला, तीनचा दोन केला. सोनालीच्या गणिताचे पस्तीस झाले, विज्ञानाचेही झाले.

सोनाली पास झाली म्हणून तू तेव्हा तिला ड्रेसचं कापड पाठवलंस. मी लिहिलं, पोरीनं फार मेहनत केली.

निकालाच्या दिवशी सोनाली घरी आली आणि दप्तर न ठेवताच म्हणाली, "आई, पार्वती कशी नापास झाली? मला तर भूमितीची प्रमेयं तीच शिकवायची." मी म्हटलं, मराठीत गेली. मराठी कोण शिकवतं ते तिला माहीत आहे. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. दहावीचे पेपर कसे गेले विचारलं तर म्हणते, "ते तुलाच माहीत."

पार्वती पुन्हा शाळेत आली नाही. आईबरोबर साड्यांचे धागे कापायला बसली, आणि माघात तिचं लग्न झालं. नंदुरबारकडे दिली. पंधरावं सरलेलं नव्हतं.

तुझं कार्ड गुरुवारी आलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी नवागामला गेले. तिची आई मालतीबाई दारात साड्यांचा ढीग घेऊन बसली होती. मला बघून उठली, गोणपाट झटकून बसायला दिलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "बाई, तुम्ही आमना घर!" एवढा आनंद. मी पाणी प्यायले आणि सांगून टाकलं. तुमची पार्वती पास होती, मी तिला नापास केलं. माझ्या मुलीसाठी केलं.

तिने मांडीवरच्या साडीचा एक धागा कापला. शिवी देईल, निदान ओरडेल, असं वाटलं होतं. तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं. कात्री खाली ठेवून म्हणाली, "मी तिले मारेल व्हतं, बाई. नापास व्हयनी म्हनीसन."

मी गोणपाटाची घडी घालायला लागले. मग तीच म्हणाली, "माले काय सांगतस? आखाजीले येनार शे ती. तिलेच सांगा."

म्हणून यंदा आखाजीला मी माहेरी येत नाही. योगितासाठी झोका बांध, माझी वाट बघू नकोस. पार्वती माहेरी येईल तेव्हा मला तिच्यासमोर जायचं आहे. काय बोलणार ते अजून जुळत नाही. वर्गात पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलणारी बाई मी.

तुला वाटेल, अक्काला उपरती झाली, आता सगळं सुधारेल. मलाही शुक्रवारी रस्ताभर तसंच वाटलं. यंदाचा कागद पेन्सिलीचाच होता, सोळा टिंबांसकट माझ्या पिशवीत. काल सकाळी तो हेडमास्तरांपुढे ठेवला आणि म्हटलं, मी यंदा खरेच गुण भरणार, नाहीतर भरणारच नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "नका भरू. क्लार्क भरेल. पण बेन, मागच्या वर्षीचा कागद माझ्या कपाटात आहे. खोडलेलं दिसतं त्यात. अक्षर तुमचं आहे, आणि नाव तुमच्या मुलीचं." आवाज चढवला नाही, धमकीही दिली नाही. शिपायाला हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला.

त्या कपाटात माझी नोकरी आहे आणि सोनालीची दहावीही आहे. दाजींच्या मिलमध्ये अर्ध्या माणसांना घरी बसवलंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो, आणि यात तोंड दाबणारा हातही माझाच.

मी तिथेच बसून कागद भरला, श्रीरंग. सोळाच्या सोळा. त्यांतली पाच पास होती. चहाही प्यायले. उद्या सकाळी निकाल फळ्यावर लागेल.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शाळा चांगली नाही. ती इमारतीमुळे किंवा पुस्तकांमुळे वाईट नाही, ती माझ्यासारख्यांमुळे वाईट आहे, ज्यांना शिकवता येतं आणि जे तरीही हे करतात.

तरी योगिताला पाठव.

धरणगावला नको म्हण. तिथे तर नववीच नाही, तिथे चूल आहे. इथे निदान एक वर्ष तिच्या हातात वही असेल, रात्री मी तिला गणिताला बसवीन, कान धरून बसवीन. सोनालीही तिला शिकवील. माझ्यावरचा राग ती तिच्यावर काढणार नाही, तेवढी ती चांगली आहे, माझ्यापेक्षा चांगली.

पण डोळे उघडे ठेवून पाठव. पोर काठावरची आहे. पुढच्या एप्रिलमध्ये तिच्या नावापुढे टिंब आलं तर मी काय करीन हे मला आजच ठाऊक आहे. मी पुन्हा त्या टेबलाची कड धरून रडेन, कारण ती माझ्या भावाची पोर आहे. आणि ते पुन्हा म्हणतील, एक काढा, एक घाला. तू पाठवली नाहीस तर तुझी पोर जाते, पाठवलीस तर कदाचित दुसऱ्या कुणाची. यातून तिसरी वाट मी दोन रात्री शोधते आहे. तुला दिसली तर कळव, मोठी बहीण म्हणून लाजू नकोस.

नाहीच दिसली, आणि वर्षभराने माझं पत्र आलं की योगिता पास झाली, तर तिला किती गुण पडले ते विचारू नकोस. कुणाच्या जागी पास झाली ते विचार. मी नाव लिहून पाठवीन. मग तू त्या घरी जा, मी गेले होते तसा.

तुझी,
अनुसया
वर्गशिक्षिका, नववी ब