पेवातली हवा

सातारा
ता. १७ जानेवारी १९६५

ती. दादास,
पारूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. प्रबंधाची पहिली दोन प्रकरणे टाइप होऊन आली. सोबत रजिस्टरने पाठवते आहे, माझी हस्तलिखित प्रतही आहे. इथला टायपिस्ट कुठे ओळ गाळतो, कुठे आकडा फिरवतो. तुम्ही कोर्टात रोज नकला रुजू घेता, मुळाशी ताडून पाहता; तुमच्या तावडीतून चूक सुटायची नाही. घरी पोचेपर्यंत तुम्ही थकलेले असता, म्हणून भिलवडीहून सांगलीला जातायेताचा गाडीतला वेळ मागते आहे.

विषय तुम्हाला ठाऊकच आहे, हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवातली हवा. पेव उघडून दिवसभर मोकळे ठेवले की संध्याकाळी कंदील तळापर्यंत जळतो आणि माणसे निर्धास्त होतात. पण रात्री तोंडावर फरशी टाकली की सकाळी तळाशी पुन्हा तीच जड हवा साठते. काल कंदील जळला म्हणून आज तसाच उतरलेला माणूस वर येत नाही. दोन पेवांत हे दिसले. तिसरे पेव हरिपूरकडचे, हंबीररावांचे. ते फेब्रुवारीत उघडेल. तीन पेवांचे नमुने असल्याशिवाय निष्कर्ष टिकत नाही, असे सर म्हणतात. मार्चअखेर प्रबंध गेला तर जूनपासून इथल्या कॉलेजातली जागा मला मिळेल.

आईला यातले काही सांगू नका. हंबीररावांच्या वडिलांच्या वेळी आपले आबा हमालीवर असताना त्याच पेवात उतरले आणि तिथेच गेले. मुनीम म्हणाला, पिऊन उतरला, आणि आईने ते खरे धरले. घरात त्यांचा विषय निघू देत नाही ती. माझ्या हातात पक्के काही येईपर्यंत ती जखम उघडायला नको.

तिची औषधे वेळेवर आणत जा. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

आपली,
पारू


भिलवडी
ता. ३१ जानेवारी १९६५

चि. पारूस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझी दोन्ही प्रकरणे तपासून परत पाठवीत आहे. तांबड्या शाईच्या खुणा माझ्या. काळे ठिपके इंजिनाच्या कोळशाचे, ते चुका समजून सुधारीत बसू नकोस. दुसऱ्या प्रकरणात फरशी झाकण्याबद्दलची आख्खी ओळ टायपिस्टाने गिळली आहे, आणि एका ठिकाणी दशांशाचे टिंब एक घर सरकले आहे. आमच्याकडे असे टिंब सरकले तर एखाद्याचे शेत जायचे.

इंग्रजी शब्द निम्मे कळत नाहीत, पण ताडायला कळावे लागत नाही. अडचण निराळीच झाली. मला मुकाट्याने वाचून चूक सापडत नाही. कोर्टात एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा ताडतो. डब्यात दुसरा कोठून आणू? म्हणून मीच मोठ्याने वाचतो आणि मीच ताडतो. पहिल्या दिवशी लोकांना वाटले, कारकुनाला वात झाला.

नांद्र्याला सिद्धू म्हणून हमाल चढतो, हंबीररावांच्या पेवांवर असतो. त्याचा बाप आबांच्या जोडीला काम करायचा. हे काय वाचता, असे त्याने विचारले, तेव्हा मी मराठीतून सांगितले. तेव्हापासून समोरचे सगळे बाकडे विड्या विझवून ऐकते. धोंडीबाची पोरगी एवढी शिकली, असे तो शेजाऱ्याला सांगत होता. माझी छाती फुगली हे कबूल करतो. तुझा प्रबंध विद्यापीठाच्या आधी या लोकांनी ऐकला, तेव्हा पहिली पदवी तुला त्यांनीच दिली म्हणायची.

पिशवीत काय नेतोस म्हणून आई विचारते. कोर्टाचे कागद म्हणून सांगतो, आणि तिच्याकडे न बघता सांगतो. रात्री फार जागत जाऊ नकोस. लोभ असू दे.

तुझा,
दादा


सातारा
ता. २१ फेब्रुवारी १९६५

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

गुरुवारी बाटल्या घेऊन हरिपूरला गेले होते. हंबीररावांनी पेवाजवळही जाऊ दिले नाही. तुझा भाऊ आमचे पेव माणसे मारते म्हणून गाडीत सांगत फिरतो, असे म्हणाले. त्यांचे हमाल आता सकाळी कंदील सोडल्याशिवाय उतरत नाहीत, कामाचा खोळंबा होतो, बाकीचे व्यापारी हसतात. पुढच्या आठवड्यात ते मोठे पेव उघडणार आहेत आणि तिथे मी पाऊल टाकायचे नाही.

दादा, मी तुम्हाला चुका शोधायला सांगितल्या होत्या, गाडीत प्रवचन करायला नव्हे. माझे वर्ष गेले. जागा कोणी वर्षभर राखून ठेवत नाही. सर म्हणतात, एक तर थांब, नाहीतर दोन पेवांवरून तिसऱ्याचे आकडे अंदाजाने घाल, कोणी विचारायला येणार नाही. आबांनी ज्या पेवात जीव सोडला त्याचेच आकडे मनाने घालायचे, हे मला सोसत नाही. आणि न घालावेत तर इतकी वर्षे तुम्ही पोटाला चिमटा काढून मला शिकवलेत, त्याचे काय, हेही सोसत नाही. खरे सांगते, आकडे घालावेत असे वारंवार मनात येते.

पत्र रागात लिहिले आहे. पुन्हा वाचले तर फाडून टाकीन, म्हणून तसेच पाकिटात घालते. आईला नमस्कार सांगा.

आपली,
पारू


भिलवडी
ता. २८ फेब्रुवारी १९६५

चि. पारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र गाडीत उघडले आणि या वेळी मुकाट्याने वाचले. तू लिहिलेस त्यातला शब्दही चुकीचा नाही. तुझी जागा माझ्या तोंडामुळे गेली.

आता घडले ते सांगतो. शुक्रवारी हंबीररावांनी मोठे पेव उघडले. संध्याकाळी कंदील तळापर्यंत जळला, थोडी पोती वर काढली आणि फरशी टाकून सगळे घरी गेले. काल सकाळी उतरायची पाळी सिद्धूची होती. मुकादम ओरडत असताना त्याने कंदील सोडला. तो अर्ध्यात विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. हमाल काठावर बसून राहिले. शेवटी हंबीरराव स्वतः आले आणि स्वतःच्या हाताने दोर सोडला. विझलेला कंदील वर ओढून त्यांनी खाली ठेवला आणि ते निघून गेले. दुपारपर्यंत कोणी उतरले नाही.

काल संध्याकाळी सिद्धू गाडीत माझ्या शेजारी बसला. नांद्रे येईपर्यंत त्याने माझा हात धरून ठेवला होता. त्याला दोन लहान मुली आहेत.

पारू, तुझे वर्ष गेल्याचे मला फार वाईट वाटते. पण मी गप्प बसायला हवे होते, असे माझ्या हातून लिहवत नाही. आकड्यांचे तू ठरव. घातलेस तर तेही पान मी तपासीन, फक्त रिवाजाप्रमाणे मूळ कागद मागेन. तो तुझ्याकडे नसेल.

प्रकृतीस जप. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
दादा


सातारा
ता. ७ मार्च १९६५

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आकडे घातले नाहीत. सरांना सांगितले की थांबते. ते ठीक आहे म्हणाले. कॉलेजातल्या जागेवर दुसऱ्या एकाचे नाव परवाच लागले. मी खोलीवर येऊन पुष्कळ रडले, ते तुमच्यापासून लपवीत नाही. पुढच्या साली हंबीरराव येऊ देतील की नाही, कोण जाणे.

तुमच्यावरचा राग सिद्धूची हकीकत वाचताना कुठे गेला ते कळले नाही. त्याच्या मुलींची नावे कळवा.

आता आईला सांगा. बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. पण जेवढे आहे तेवढेच सांगा. आबा त्या दिवशी प्याले नव्हते, हे माझ्या प्रबंधाने सिद्ध होत नाही. न पिता उतरलेला माणूसही तिथे मरतो, एवढेच सिद्ध होते. तिला खोटी आशा लावू नका. ती काय म्हणते ते कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही.

आपली,
पारू


भिलवडी
ता. १४ मार्च १९६५

चि. पारूस,
आईचा आशीर्वाद.

तुजा दादा जालिंदर लिवतोय, मी सांगतीया. त्येला म्हनलं, मी बोलते तसंच लिव, तुझं कोर्टातलं मधी घालू नगंस.

दादानं मला समदं सांगितलं. मी त्येला परत एकदा सांगाय लावलं. तुजं म्हननं बी सांगितलं त्येनं, की ह्यानं काय शाबीत हुत न्हाई. तुजं शिक्शान तसं म्हनत आसंल. पर मला पटलं, ते पिऊन उतरलं न्हवतं.

आबा गेलं त्या साली त्येंनी माज्या डोस्क्यावर हात ठिवून दारू सोडली हुती. तुमी ल्हान हुता, तुमास्नी ठावं न्हाई. आन मुनीम दारात यिऊन म्हनला, पिऊन उतरला. माजी शपत मोडली म्हनून मी मढ्याकडं बघितलं न्हाई. बायका रडल्या, मी रडले न्हाई. त्येंच्यावर राग धरला म्हनून मी हुबी ऱ्हायले, तुमास्नी वाढिवलं. परवा रातच्याला रडले. जालिंदर घाबरला. म्हनलं, रडू दे बाबा, माजं लय दिसाचं ऱ्हायलं हुतं.

तुजी नोकरी गेली त्येचं वाईट वाटतंय. खोटं घालून मिळाली आसती तर ती बी मुनीमाच्या बोलन्यावानीच झाली आसती. सिद्धूची बायकू चंद्राबाई येऊन गेली. पाया पडली. मी म्हनलं, माज्या न्हवं, पोरीच्या पड.

आता एक इचारते. तुज्या पुस्तकात त्येंचं नाव घालता येतं का, ते सरास्नी इचार. दारूचं काय लिवू नगंस, सोडली हुती आसं बी नगं. नुसतं नाव घाल. वाचनारा इचारंल, ह्यो कोन, तर तू सांग.

उपाशी ऱ्हाऊ नगंस. सुट्टी झाली की ये. जीव लावतीस तसाच लावत ऱ्हा.

तुजी आई,
भामाबाई धोंडीबा