आधी कोणाला तपासायचं

मोठी माय, तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता अकोल्याला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. घरातली पहिली पदवीधर म्हणून माहेरी, नांदगावात, अजून माझं कौतुक होतं. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन मला मूल नाही, आणि त्याबद्दल बोलावं असं तुझ्याशिवाय कोणी सुचत नाही.

मूल होईना म्हणून मोठे बाबा, माझे थोरले काका, तुला अमरावतीच्या दवाखान्यात नेत, तेव्हा सोबतीला मी असे. आत तुझी गर्भाची पिशवी खरडत आणि ते बाहेर बाकावर सुपारी कातरत बसत. तू भिंत धरून बाहेर येत असस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढे. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईच्या डोहाळजेवणाचा सारा स्वयंपाक तू केलास, पण आजीने सांगितलं, "तू आतच राय." मी तुझ्याजवळ बसले आहे, तू पुरणाची पोळी उलटते आहेस. मागच्या अंगणात मोठे बाबा गड्याला सांगताहेत की तांबडी गाय यंदाही फळली नाही, आपला वळू कामाचा नाही, तिवश्याहून दुसरा आणा. तू तव्यावरची नजर न काढता म्हणालीस, "गाय फळली नाही त वळू बदलते. मी फळली नाही त मलेच बदलून राह्यले." मी हसले. तूही हसलीस.

पुढच्या लगनसराईत सवत आली. तिचीही कूस उजवली नाही, तरी मोठ्या बाबांकडे कोणी बोट दाखवलं नाही. "माह्यातच खोट असन," म्हणत तू हट्टाने आणखी एकदा अमरावतीला गेलीस. त्यानंतर जो ताप चढला, तो उतरलाच नाही.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. बाईचं बीज नळीत उतरतं, पुरुषाचं तिथे पोचतं, दोन्ही मिळाली तर गर्भ. म्हणून आधी पुरुषाला तपासायचं. स्वच्छ बाटलीत नमुना घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, ना भूल ना रक्त. बाईच्या नळ्या मोकळ्या आहेत का ते त्यानंतर पाहायचं, आणि खरडणं सगळ्यात शेवटी. परदेशात शरीराबाहेर, काचेत गर्भ धरवायची खटपट चालली आहे म्हणे. त्या म्हणाल्या, "ते जमलं तरी यावं दोघांनाही लागेल, बाई." तुझ्या बाबतीत सगळं शेवटापासून सुरू झालं आणि तिथेच संपलं.

मी घरी सांगितलं. हे वकील आहेत, सभेत स्त्रीशिक्षणावर बोलतात. जेवता जेवता म्हणाले, "मले काय झालं? तुले जायचं त जा, मी कुठं अडवून राह्यलो?" मी चित्र काढून दाखवू लागले, तर ताटावरून उठले. सासूबाई म्हणाल्या, "शिकलेली सून केली, त आता पोराचीच परीक्षा घेऊन राह्यली."

वर्गात मी मुलींना सांगते, पुराव्याशिवाय काही मानू नका.

हे तुला पोचणार नाही म्हणून सांगते. परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यजमानांची तपासणी झाली का? नाही म्हटलं असतं तर त्यांनी मला हातही लावला नसता, आणि मूल तर मला हवं आहे. मी म्हणाले, "झाली. ते अगदी चांगले आहेत."