बारा पॉइंट पाच होईस्तोवर

१० नोव्हें., सोम.
आज पण खुर्चीतच. रक्तपेढीचे जुने प्रशासन अधिकारी पोराकडं पुण्याला गेल्ते, ते तिकडचेच झाले. मी शिबिराची गाडी चालवणारा, दहावी पास, आयटीआय अर्धी. तरी दिवाळीपासून त्यांच्या जागी बसून राह्यलो. फोन, रजा, नातेवाइकांची भांडणं. भाईजी (ट्रस्टचे अध्यक्ष) म्हणले, "नवा माणूस भेटला की तू मोकळा. तोवर हलायचं न्हाई, बेटा."
कुठं जायचं ते ठरलं न्हाई. पण जायचंय. मामाचा पवन ट्रक घेऊन आसामला निघालाय. शेजारची सीट ठेवतो म्हणला.

१३ नोव्हें.
मुलाखती. तिघं आल्ते. पहिल्यानं आधी पगार विचारला, मंग एसी. दुसरा एमबीए, भारी बोलला, सगळे खूश. मंग भाईजींनी इथला कायदा सांगितला. जो कामाला लागतो, तो आधी एक पिशवी रक्त देतो. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. "लोकांकडं मागायचं तर आधी आपलं द्यावं." मी पण दिल्तं. एमबीए म्हणला, चार्जर गाडीत राह्यला, आणतो. अजून आणूनच राह्यलाय.
तिसऱ्या वैशालीताई, कुंभार पिंपळगावच्या. पतसंस्थेत होत्या, ती बंद पडली. मुलाखत चालू असताना फोन वाजला, मी उचलायच्या आत त्यांनीच उचलला. पलीकडून शिव्या, रक्त का देत न्हाई म्हणून. ताई म्हणल्या, "दादा, पेशंट तुमचं कोण? आई? मंग आधी आईचा रक्तगट सांगा, शिव्या मी नंतर ऐकते." तो रडायलाच लागला.
भाईजी माझ्याकडं बघून हसले. मला माझी बॅग दिसायला लागली.

१४ नोव्हें.
बोंबललं. ताई रक्त द्यायला आल्या, हिमोग्लोबिन ९.८. साडेबाराच्या खाली घेताच येत न्हाई. आमचे टेक्निशियन रफिकभाई म्हणले, "ताई, तुमच्याकडून काय घ्यायचं, तुम्हालाच द्यावं लागंल." कुणी हसलं न्हाई.
ताई: "भाईजी, आधी नोकरी द्या. पगार आला की खाईन, खाल्लं की रक्त होईल, मंग देईन की."
भाईजी: "बेटी, रीत मोडली तर उद्या दुसऱ्याला काय सांगू? जागा ठेवतो. बारा पॉइंट पाच करून या."
म्हणजे माझं सुटणं आता ताईंच्या रक्तावर. पवनला सांगितलं. "लेका, लोक व्हिसासाठी अडकतात, तू हिमोग्लोबिनसाठी?" ट्रक गेला.

२९ नोव्हें., शनि.
वडीगोद्रीला शिबिर. रस्त्यात मेंढरं आडवी आली. मेंढपाळ ओळखीचा निघाला, कुठून कुठं चाललाय ते ऐकत बसलो. चहा झाला. भाईजींचा फोन, "अधिकारी कुठं हाय आपला?" मी इकडंतिकडं बघितलं. मंग आठवलं, मीच.
येताना वाकडी वाट करून ताईंकडं खजूर, गूळ-फुटाणे दिले. "दादा, काळजी माझी का तुमची?" बराबर वळखलं. खजूर माझ्यासमोरच दोन्ही लेकरांच्या हातात गेला.

१६ डिसें.
ताईंचं १०.९. वाढलं तर. पण असं मुंगीच्या चालीनं.
भाईजींना म्हणलो, रीत बदला ना एकदा. "तू एका जागी कधी टिकला का? तुला रीत काय कळणार?" सकाळी खुर्ची बघितली की पाय जड.

२ जाने.
१०.७. खाली! रक्तवाढीच्या गोळ्या घेताय ना? "घेते की." मंग? ताई हात पाठीमागं न्यायला लागल्या. बोटं बोंडांनी ओरबाडलेली. रोज कापूस वेचायला जातात. "घरी बसून रक्त वाढवायला परवडंल का दादा?"
पवनचा फोटो आला, लई मोठी नदी. नाव लिहिलं न्हाई त्यानं.

१९ जाने., सोम.
सकाळी भाईजी म्हणले, "संक्रांत पण झाली. किती वाट बघायची?" त्यांच्या मनात दुसरं कुणी हाय का, कळंना.
दुपारी ताई आल्या. ११.६. मी टाळी वाजवली, त्या न्हाई. स्टँडवर सोडायला गेलो तवा बोलल्या. अंबडला बी-बियाण्याच्या दुकानात काम भेटतंय. पगार इथल्यापेक्षा निम्मा. उद्या हो-न्हाई सांगायचंय. "तिथं रक्त मागत न्हाईत."
मी त्यांची पिशवी हातात घेतली.
"तुम्ही आतले माणूस. खरं सांगा, थांबू का?"
गाडी लागली. कंडक्टर ओरडला, "ताई, चढा न्हाईतर उतरा!" मी म्हणलो, उद्या सकाळी फोन करतो.
भाईजींना आता विचारून आलो, ११.६ वर ताईंना घेता का. "बघू," म्हणले. बघू म्हणजे काय?
थांबा म्हणलं, तर ताईंसाठी म्हणलं का माझ्या सुटण्यासाठी, हेच मला कळंना.