तोंडानं काही द्यायचं नाही

आत्याबाई,

तुम्ही गेल्यावर मी कधी रडले नाही, आणि आजही रडायला बसलेली नाही. भूमजवळच्या आपल्या खव्याच्या भट्टीपुढं सून म्हणून उभी राहिले तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते. दिवसभर कढईतलं दूध हलवायचं आणि चहा मात्र कोरा प्यायचा, असा तुमचा नियम. पोटुशी असताना एकदा कढईच्या कडेची खरवड मी बोटानं काढून तोंडात टाकली. तुम्ही माझ्या हातातलं उलथनं घेतलं आणि तापलेलंच मनगटावर टेकवलं. "लई तोंड चालतंय हिचं," एवढंच गड्यांकडं बघून म्हणालात, आणि दूध लागू नये म्हणून स्वतः हलवायला लागलात.

पुढं पित्ताच्या खड्यानं तुमच्या स्वादुपिंडाला सूज आली. बार्शीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बजावलं, तोंडानं थेंबभरही द्यायचं नाही. तेव्हा तशीच पद्धत होती, नुसतं सलाईन. तुमचे ओठ फुटलेत, पोट टणक झालंय, आणि तुम्ही माझा पदर धरून ताक मागताय. मी ओला कापूस ओठांवर फिरवतेय. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगताय, "ही सटवी मला उपाशी मारतीया." डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि पुढच्या खाटेकडं गेले.

तुम्ही गेलात. तेराव्याला नणंदबाईंनी माझ्या हातातली वरणाची पळी काढून घेतली. "हिच्या हातचं कुणी खाणार न्हाय." तुमचा मुलगा म्हणाला, "दोन घोट ताक दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?" लेकीला घेऊन मी माहेरी आले, ती परत गेलेच नाही. आहारशास्त्र शिकले. आता धाराशिवला एका दवाखान्यात पेशंटच्या खाण्याचं मीच बघते.

मध्यंतरी नळदुर्गकडची एक बाई ह्याच दुखण्यानं आली, तुमच्याच वयाची. आता उपाशी ठेवत नाहीत. नाकातून नळी घालून पातळ अन्न हळूहळू आतड्यात सोडतात. तिची सून दही आणि मेडिकलमधून चांगल्या जिवाणूंची पुडी घेऊन आली. मी दोन्ही परत केलं. म्हणाले, "धडधाकट पोटाला हे चांगलं. पण दुखणं एवढं वाढलं की आतड्याला रक्तच कमी पोचतं, तिथं हे जिवाणू उलटू शकतात. आतड्यातल्या मूळच्या चांगल्या जिवाणूंना पोसणारे अन्नातले तंतू सोसतील तसे नळीतूनच देऊ."

नाकात नळी असूनही बाई सुनेकडं बघून बोललीच. "ह्या भवानीनंच सांगितलं असंल. तिला म्या मरायलाच पाह्यजे." सगळा वॉर्ड ऐकत होता. सून पुडी मुठीत धरून उभी.

मी मोठ्यानं म्हणाले, "मावशी, तुमच्या सुनेनं आणलं होतं. नको मी म्हणाले. मी."

बाईचा मुलगा माझ्या अंगावर आला. "मॅडम, सोताच्या सासूला असंच केलं असतं का?"

"व्हय," म्हणाले. "केलंय."

बाई बरी झाली. आज घरी गेली. जीपमध्ये बसताना पिशवी वाकडी ठेवली म्हणून तिनं सुनेला सगळ्यांदेखत शिवी हासडली. सुनेनं खाली मान घालून पिशवी सरळ केली. शेजारची नर्स मला म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळं वाचली." मी हसले.

हे कुठं पाठवायचं नाही. तुम्ही जिवंत असतात तरी पाठवलं नसतं. पण ती वाचली ह्याचा मला आनंद झाला नाही, आत्याबाई.